तेलाचा डबा आणि बेळगावचा राम

अंथुर्ण्यात ज्ञानदेव लोंढ्यांच्या घराकडं वळलं की आधी घर दिसत नाही, तार दिसते. पाण्याच्या टाकीवरच्या लोखंडी पाइपापासून निघालेली ती तार अंगण ओलांडते आणि समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्याला जाऊन भिडते. गावात नवी आलेली सून ती बघते आणि इतक्या उंच धुणं वाळत घालणारी बाई कोण असेल, म्हणून मान वर करून उभी राहते. मग शेजारीण तिला सांगते, "धुण्याची न्हाय ती. रेडिओची हाय. तिच्यापायीच तर आबा पडले."

पडले ते खरं. सहा वर्षं झाली त्याला. तारेची कप्पी अडकली म्हणून साठी ओलांडलेला हा माणूस टाकीवर चढला आणि खाली आला तो मानेवर. जीव राहिला. मानेखालचं शरीर मात्र जे रुसलं ते रुसलंच. डावा खांदा थोडा हलतो. बाकी सगळं कुशाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, हवाली. आवाज राहिला, तोही अर्धा. एका श्वासात चार-पाच शब्द, मग थांबून हवा गोळा करायची, मग पुढचे चार-पाच.

या माणसाचं सगळं आयुष्य हातात होतं, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. अडतीस वर्षं ते पोलिसांच्या बिनतारी खात्यात होते. टेबलावर संदेश ठोकायची पितळी किल्ली, कानाला हेडफोन, आणि टिंब-रेघांचा तो कट्‌कडकट्‌ आवाज. खात्यातून हा टिंब-रेघांचा मोर्स हद्दपार झाला तेव्हा ज्ञानदेवांनी हौशी रेडिओचा परवाना काढला, जुना सेट मिळवला आणि मोर्सला सन्मानानं घरी आणलं. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी कधी सांगली, कधी हैदराबाद, कधी समुद्रापलीकडचा कुणी. किल्लीवर माणसाचा हात लपत नाही. सांगलीचे एक मास्तर पोटभर जेवून बसल्यासारख्या रेघा लांबवायचे. हैदराबादचे डॉक्टर टिंबं अशी तोडायचे, जणू बाहेर पेशंट ताटकळलेत. नाव कळायच्या आधी माणूस कळायचा. विंगेत डोळे मिटून उभं राहिलं तरी पावलांवरून रंगमंचावर कोण शिरलं ते कळतं ना, अगदी तसं.

दुसरी गोष्ट त्यांच्या संशयाची. ती गावाला ठाऊक होती. दुधाचं माप ते स्वतः बघत, गॅसची टाकी हलवून घेत, आणि कुणी फार गोड बोललं की "काम काय हाय ते सांग" म्हणत. लोक म्हणायचे, पोलिसातला माणूस, दुसरं काय. पण मूळ त्याच्याही आधीचं होतं. प्रशिक्षणाच्या वेळी विशीतल्या ज्ञानदेवांनी मिनिटाला पंचवीस शब्द बिनचूक उतरवले तेव्हा तिथल्या एका वस्तादानं कागद बघितला, आडनाव बघितलं आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "कुणाचं बघून लिहिलं?" ज्ञानदेव म्हणाले, "खोलीत एकट्याला बसवा आन् पुन्हा वाजवा, साहेब." बसवलं. वाजवलं. या वेळी अठ्ठावीस शब्द आले. त्या दिवसानंतर ज्ञानदेवांना परीक्षेची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती कुणीतरी कणव येऊन पास करेल याची.

पडल्यानंतर चार वर्षं सेट फडक्याखाली झाकून होता. किल्ली बुद्धमूर्तीशेजारच्या कोनाड्यात गेली. कुशाबाई रोज ती पुसायच्या आणि ज्ञानदेव रोज भिंतीकडं मान वळवायचे.

त्यांची मुलगी प्रियदर्शनी बारामतीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिच्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा सौरभ जगताप हा पणदऱ्याचा. घरी ऊस, आठ गाई, आणि गोठ्याच्या पत्र्यावर स्वतःची अँटेना. म्हणजे तोही परवानाधारक. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दोघं लॅपटॉप आणि वायरींची पिशवी घेऊन दारात उभे राहिले.

"आबा, तुमी बोलायचं," सौरभ म्हणाला. "कॉम्प्युटर ऐकंल, त्याची अक्षरं करंल. अक्षरांचे सूर होतील, ते सेट हवेत सोडंल. पलीकडचा त्याच्या सुरांतनं उत्तर देईल, त्याची परत अक्षरं. ती स्क्रीनवर दिसतील आन् वाचूनबी दाखवली जातील. हात लावायचं काम न्हाय."

"मंग सरळ माइकवरच बोलू दे की त्यांना," कुशाबाई म्हणाल्या. "एवढा आटापिटा कशाला?"

"काकू, आबांचा आवाज आता विहिरीच्या तळातनं आल्यावानी येतो. शेतीची लाइट आली की शिवारातल्या शंभर मोटारी चालू होत्यात, सेटवर नुसता खरखराट. त्यात बोलणं बुडून जातंय. हे सूर बारीक असत्यात, पर त्या खरखराटातनं वाट काढत्यात."

ज्ञानदेव ऐकत होते. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भिंतीकडं मान वळवली नाही. पण म्हणाले एवढंच, "ह्ये माझं ऐकंल, का आपल्या मनचं लिहील?"

यंत्राला त्यांचा आवाज शिकवायला अकरा दिवस लागले. रोज तासभर वाक्यं वाचायची. पहिल्यांदा ज्ञानदेव श्वासाला थांबले की यंत्राला वाटायचं, संपलं बोलणं. ते अर्धंच वाक्य पुढं ढकलायचं. सौरभनं त्याला थांबायला शिकवलं. "आबांचा दम म्हंजी पूर्णविराम न्हाय," असं तो लॅपटॉपला दटावून सांगायचा आणि कुशाबाई हसायच्या. पुढं तीन हुकूम ठरले: लिही, खोड, पाठव. परवान्यावरचं नाव, म्हणजे सरकारनं दिलेली अक्षर-आकड्यांची खूण, अक्षर-अक्षर सांगायचं, ते जुन्या पद्धतीनं, अल्फा, ब्राव्हो, चार्ली करत. ते तर यंत्रानं पहिल्याच दिवशी घेतलं. ज्ञानदेवांना त्याचा थोडा अभिमान वाटला आणि लगेच संशयही आला. प्रत्येक ओळ ते डोळ्यांनी तपासत. तीनदा वाचत. मगच म्हणत, "पाठव."

पाठवलं. दोन दिवस हाका मारल्या. कुणी उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्क्रीनवर अक्षरं उमटली आणि लॅपटॉपमधली बाई आपल्या सपाट आवाजात वाचू लागली. बेळगावहून राम बोलतो. नमस्कार आबा. तुमचा सिग्नल उत्तम येतो आहे. आनंद वाटला.

प्रियदर्शनीनं टाळ्या वाजवल्या. कुशाबाईंनी शिऱ्यासाठी रवा काढला. प्रियदर्शनीनं जुनी नोंदवही उघडली, तारीख, वेळ, नाव लिहिलं. चार वर्षांच्या कोऱ्या जागेखाली ती पहिली नोंद झाली. ज्ञानदेवांनी रामला दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि डोळे मिटून घेतले. घरच्यांना वाटलं, भरून आलं.

भरून आलं नव्हतं. दातात उसाचा चोथा अडकावा तसा एक शब्द अडकला होता. आबा.

हवेत कुणी कुणाला आबा म्हणत नाही. तिथं परवान्याचं नाव असतं, नाहीतर 'ओएम'. म्हणजे या हौशी मंडळींतलं 'मित्रा'. ऐंशी वर्षांचा असो की अठराचा, ओएम. आणि ज्ञानदेवांनी पाठवलेल्या ओळीत वय नव्हतं, नातं नव्हतं. नाव होतं फक्त 'ज्ञान'. मग बेळगावच्या रामला हा आबा कुठून सापडला?

पुढच्या तीन आठवड्यांत आणखी सहा जण भेटले. नाशिक, भोपाळ, कोचीन, असे. आणि एकदा शंका शिरली की ती कशी पसरते बघा. सहाही जणांचे निरोप त्यांना एकाच हातानं लिहिल्यासारखे दिसू लागले. सहाही जण म्हणत, सिग्नल चांगला. चाळीस वर्षांत ज्ञानदेवांना ओळीनं सहा माणसांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. कोचीनचा निरोप आला तेव्हा प्रियदर्शनी दारात मोबाइलवर काही टाइप करत होती. भोपाळचा आला त्या दिवशी ती आणि सौरभ ओट्यावर हळू आवाजात बोलत होते आणि ज्ञानदेवांनी मान वळवताच गप्प झाले. मोर्स असता तर हात ओळखला असता. इथं सगळ्यांची अक्षरं छापील, सगळ्यांचा आवाज त्या एकाच बाईचा. मुखवटे घातलेल्या सोंगांत खरा माणूस कोण, कसं ओळखायचं?

भोपाळवाला गप्पिष्ट होता. त्यानं विचारलं, अँटेना कुठली, हवा कशी, रेडिओत किती वर्षं. ज्ञानदेव म्हणाले, "लिही. ठीक. धन्यवाद. पाठव." झालं. कोचीनवाल्याला तर तेवढंही मिळालं नाही.

"असं तुसड्यावानी का बोलता वो?" कुशाबाईंनी विचारलं. "तो बिचारा हवापाणी विचारतोय."

"कोण तो?"

"कोण म्हंजी? भोपाळचा."

"तू बघितलंस त्याला?"

"तुमी सांगलीच्या मास्तरांना तरी कुठं बघितलं हुतं?"

"त्यांचा हात बघितला हुता," ज्ञानदेव म्हणाले.

अशात प्रियदर्शनी आनंदाची बातमी घेऊन आली. तिच्या कॉलेजात येत्या रविवारी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या अपंगांचा मेळावा होता. चाळीसेक माणसं येणार होती. सौरभ तिथं तात्पुरती अँटेना लावणार, आणि ज्ञानदेवांनी सगळ्यांसमोर यंत्राशी बोलून रेडिओ चालवून दाखवायचा. फलकावर त्यांचं नाव छापायला गेलंसुद्धा होतं.

ज्ञानदेव छताकडं बघत राहिले. आता गोष्ट घरातली राहिली नव्हती. चाळीस माणसं, त्यांच्यासारखीच, कुणी कुबडीवर, कुणी चाकाच्या खुर्चीत. ती बघणार, विश्वास ठेवणार. आणि विंगेत कुणीतरी बसून उत्तरं पुरवत असेल तर? मग ज्ञानदेव लोंढे म्हणजे नुसती कळसूत्री बाहुली. बाहुलीला निदान ठाऊक नसतं. आपल्याला संशय असून आपण नाचलो, असं व्हायचं. त्या वस्तादाच्या वर्गात एकट्यानं बसून मिळवलेलं सगळं एका रविवारी, लेकीच्या मायेपोटी, मातीत जायचं.

"येतो की न्हाय ते शुक्रवारी सांगतो," ते म्हणाले.

"आबा, फलक छापलाय!"

"शुक्रवारी."

गुरुवारी सकाळी कामावर निघालेल्या प्रियदर्शनीला त्यांनी अगदी सहज आवाजात सांगितलं, "आज बरोब्बर तीनला मी हाका मारणार हाय. कुणाला सांगून ठिवायचं आसंल तर ठिव." गळ टाकणाऱ्यानं पाण्याकडं बघू नये, तसं त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.

ती गेल्यावर त्यांनी कुशाबाईंना हाक मारली. "माळ्यावर एक डबा हाय. रंगाचा. वरती झाकणाला पितळी तोंड हाय."

"त्यो तेलाचा? मी भंगारात देणार हुते त्यो दोनदा."

"आन् मी दोनदा परत आणलाय. काढ."

डबा निघाला. धूळ, कोळिष्टकं, आत ट्रान्सफॉर्मरचं तेल आणि तेलात बुडालेला एक जाडजूड रेझिस्टर. तीस वर्षांपूर्वी ज्ञानदेवांनीच केलेला. हे काय प्रकरण आहे ते सांगतो. सेट अँटेनाशिवाय चालवला तर आतून जळतो. म्हणून हवेत काही न सोडता सेट तपासायचा असला की अँटेनाची केबल काढून तिथं हा डबा जोडायचा. सेटला वाटतं, अँटेना आहे. पण सगळी शक्ती तेलात जिरते, तेल कोमट होतं आणि बाहेर जगाला काही ऐकू जात नाही. बाहेरचं आत येतही नाही. डबा म्हणजे बहिरी खोली.

ज्ञानदेवांचा हिशेब सरळ होता. डबा जोडला असताना हाक मारायची. खऱ्या माणसाला ती ऐकूच जाणार नाही. आणि तरीही 'नमस्कार आबा' आलं, तर ते हवेतून आलेलं नाही. लॅपटॉपच्या इंटरनेटमधून, घरातल्याच कुणाच्या बोटांतून आलेलं आहे.

पावणेतीनला कुशाबाई सेटच्या मागं बसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी त्या सेटला फडक्याशिवाय हात लावला नव्हता.

"काळी केबल. तिची टोपी डावीकडं पीळ."

"लई घट्ट हाय."

"लोणच्याची बरणी उघडतीस का न्हाय? तसं."

"बरणीला तुमी असं मागनं हुकूम सोडत न्हाय," कुशाबाई म्हणाल्या, आणि टोपी सुटली. त्याबरोबर सेटची खरखर एकदम मेली. खोलीतला पंखा ऐकू येऊ लागला.

डबा जोडला. तीन वाजले. ज्ञानदेवांनी हाक मारली. पाच मिनिटं थांबले. पुन्हा हाक. स्क्रीन कोरी. तिसऱ्यांदा. कुशाबाईंनी डब्याला हात लावून बघितला. "गरम लागाय लागलाय."

"लागंल. माझं बोलणं हाय त्यात."

साडेतीन वाजले. आबा म्हणणारं कुणी आलं नाही. एखाद्याला याचं वाईट वाटावं, पण ज्ञानदेवांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होत गेलं. ती शांतता खरी होती. तरी मनातला पोलीस बोललाच: सौरभ हुशार आहे, सावध झाला असेल. "आता टोपी परत लाव," ते म्हणाले. "उजवीकडं पीळ. घट्ट."

खरखर परत आली. शेतीची लाइट होती, शिवारातल्या सगळ्या मोटारी त्या खरखरीत होत्या. ज्ञानदेवांनी हाक मारली. दुसऱ्या हाकेला अक्षरं उमटायला लागली, तुटक, मधली काही गाळलेली. लॅपटॉपमधली बाई अडखळत वाचू लागली. उदगीरहून शिवराज. इंग्रजीत, आणि एका शब्दाचीही साखर नाही. ओएम, तुमचा सिग्नल अगदी कमजोर. वर तुमच्या लॅपटॉपचा आवाज सेटमध्ये जास्त जातो आहे, सूर फाटून आजूबाजूच्या चार जणांच्या अंगावर सांडतो आहे. आधी तो कमी करा, मग हाका मारा. तीन आठवडे मी बघतो आहे.

कुशाबाईंना इंग्रजी कळलं नाही, पण सूर कळला. "काय म्हणतोय? रागावलाय का?"

ज्ञानदेवांना हसू फुटलं. आवाज नव्हताच त्याला, नुसता श्वास हलत होता, डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला कुशाबाईंना उठावं लागलं.

"शिव्या देतोय," ते म्हणाले. "मला. लई दिवसांनी."

मानेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला कणवेपोटी कुणी असं बोलत नाही. शिवराजला ठाऊकच नव्हतं की पलीकडं कुणी खाटेवर आहे. त्याच्या लेखी हा एक निष्काळजी ऑपरेटर होता, बस. ज्ञानदेवांनी रीतसर माफी मागितली, कुशाबाईंकडून लॅपटॉपचा आवाज कमी करून घेतला, पुन्हा पाठवलं. शिवराजनं लिहिलं, आता बरं. पुढं अर्धा तास दोघं तारेच्या उंचीवरून भांडत होते.

शुक्रवारी संध्याकाळी प्रियदर्शनी आणि सौरभ उत्तर ऐकायला आले. कुशाबाईंनी चहा दिला. ज्ञानदेवांनी सौरभला घोट घेऊ दिला आणि विचारलं, "बेळगावचा राम बरा हाय का?"

सौरभचा कप ओठाशीच राहिला.

"न्हाय, तुझी वळख आसंल म्हनून इचारलं."

"आबा..." सौरभ म्हणाला.

"ह्यो बघ. ह्योच शब्द. सोंग घेतलंस, नाव बदललंस, गाव बदललंस. पर म्हाताऱ्याला नुसत्या नावानं हाक मारायची म्हटल्यावर जीभ रेटली न्हाय तुझी. आईबापानं वळण लावलंय, तितं घात झाला."

सौरभची मान खाली गेली. "पणदऱ्यातनं, घरनं पाठवलं हुतं, इंटरनेटवरनं. हवेत काय सोडलं न्हाय, आबा, परवान्याची शपथ. आन् एकदाच. पुढचे सगळे खरे हायेत."

"मीच सांगितलं त्याला," प्रियदर्शनी म्हणाली. "दोन दिवस कुणी उत्तर देईना. तुम्ही परत भिंतीकडं तोंड केलं होतं, आबा. मला बघवेना."

ज्ञानदेवांनी तिच्याकडं मान वळवली. श्वास गोळा करत होते.

"पुढचे सहा खरे हुते," ते म्हणाले. "त्येच तर. भोपाळचा माणूस हवा कशी हाय इचारत हुता मला. चार वर्सांनी कुणीतरी भायेरचं इचारत हुतं. आन् मी त्याला..." दम संपला. थांबले. "त्याला वाटलं आसंल, काय माजुरडा माणूस हाय. तुज्या एका खोट्यापायी सहा खरी माणसं वाया गेली, पोरी. उत्तर न्हाई आलं तर न्हाई आलं. त्ये सोसतं मला. कुणी कणव करून पास केलेलं सोसत न्हाय."

प्रियदर्शनी रडत होती. कुशाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याकडं असं बघितलं की पुढचं वाक्य आपोआप मऊ झालं.

"वही आण," ते म्हणाले. "त्या रामच्या नावावर एक रेघ मार. एकच. गिरगटायचं न्हाय. खालचं वाचता आलं पायजे, अशी आमच्यात रीत हाय. चूक झाली ती दिसली पायजे."

तिनं रेघ मारली. पट्टी न घेता मारली, म्हणून थोडी वाकडी आली.

"आन् सौरभराव, आवाज वाढवून ठिवला हुता तुमी लॅपटॉपचा. उदगीरच्या माणसानं माझी अब्रू काढली. इलेक्ट्रॉनिक्स शिकवता म्हनं."

सौरभ इतका खजील झाला की प्रियदर्शनीला रडता रडता हसू आलं.

"मग रविवारी?" तिनं विचारलं.

"येतो. पर डबा संगं घ्यायचा."

रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत खुर्च्या कमी आणि चाकाच्या गाड्या जास्त होत्या. फलकावर ज्ञानदेवांचं नाव होतं, पाठीमागं टेबलावर सेट, लॅपटॉप आणि कुशाबाईंनी घासूनपुसून लख्ख केलेला रंगाचा डबा. सौरभनं माहिती सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या मायाळू टाळ्या पाहुण्यांसाठी आधीच ठरलेल्या असतात, तशा. ज्ञानदेवांना त्या ऐकवेनात.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक तिशीचा गडी उठला. गोकुळ त्याचं नाव, सोमेश्वरनगरकडचा. कडबा कुट्टीच्या यंत्रात दोन्ही पंजे गेलेले. शर्टाच्या बाह्या टोकाला गाठ मारून बांधलेल्या होत्या.

"एक इचारू का?" तो म्हणाला. "ह्ये मागनं कुणी बोलत न्हाय कशावरनं? मोबाइलमदी आजकाल काय बी हुतंय. हात न्हाईत मला, पर संशय हाय."

हॉलमध्ये कुजबुज झाली. संयोजकांपैकी कुणीतरी त्याला बसवायला धावलं. प्रियदर्शनीनं वडिलांकडं बघितलं, तर ज्ञानदेवांचे डोळे चमकत होते. इतक्या दिवसांनी त्यांना वर्गात आपल्या जातकुळीचा विद्यार्थी दिसला होता.

"बसवू नका त्याला," ते म्हणाले. "म्होरं आणा. अगदी हितं. बाळा, चांगलं इचारलंस. कुनी गोड बोललं की असंच इचारत जा."

गोकुळ टेबलापाशी आला. कुशाबाईंनी टोपी पिळली. आता त्या सराईत झाल्या होत्या. डबा जोडला गेला आणि सेट मुका झाला. ज्ञानदेवांनी हाक मारली. दोनदा. हॉल वाट बघत राहिला. काहीच झालं नाही. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं, कुणीतरी म्हणालं, "बिघडलं वाटतं." फक्त ज्ञानदेव निवांत होते.

"आलं का कुनी?" त्यांनी गोकुळला विचारलं.

"न्हाय."

"ह्या डब्यातनं भायेर काय जात न्हाय आन् आत काय येत न्हाय. मागं कुनी आसतं तर तरीबी आलं आसतं, व्हय का न्हाय? आता केबल."

केबल लागली. खरखर आली. "काय पाठवायचं, तू सांग," ज्ञानदेव म्हणाले. गोकुळनं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "इचारा, तिकडं ऊन किती हाय."

ज्ञानदेवांनी आधी आपलं नाव सांगितलं, मग विचारलं. यंत्र त्यांच्या प्रत्येक दमाला थांबलं. "पाठव." पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला काही नाही. दहा मिनिटं गेली. लोक चुळबुळू लागले, चहाचे ट्रे फिरू लागले. गोकुळ मात्र स्क्रीनपुढून हलला नाही. मान पुढं काढून, दोन्ही बाह्या टेबलावर टेकवून तो बघत होता, जणू भामटा आत्ता येईल आणि आपण त्याला धरू.

मग अक्षरं आली. भोपाळ. ओएम ज्ञान, पुन्हा भेटलात. सिग्नल मध्यम, मधून मधून बुडतो आहे. ऊन अडतीस. तुमच्याकडे? मागच्या वेळी तुम्ही घाईत होतात वाटतं.

बाईनं वाचून दाखवलं. प्रियदर्शनीनं वहीवर पेन टेकवलं आणि थांबली. ज्ञानदेवांनी डोळे मिटले, उघडले, पुरेसा श्वास घेतला.

"लिही," ते म्हणाले. "घाईत नव्हतो. चूक माझी. आज वेळ आहे. अँटेनाचं विचारलं होतंत तुम्ही. ती टाकीपासून कडुलिंबापर्यंत आहे. तिची गोष्ट मोठी आहे. सांगू का? पाठव."

उत्तर यायला थोडा वेळ होता. गोकुळ खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "तात्या, ह्या परवान्याला परीक्षा असती म्हनं. त्याला हात लागत्यात का?"

"डोकं लागतं. लिवायला माणूस मागता येतोय का, ते सौरभ इचारून सांगंल."

"आन् मिळाला तर?"

"तर त्याच्याकडं नीट बघून बस," ज्ञानदेव म्हणाले. "तू सांगशील त्येच लिवतोय का, त्ये बघत ऱ्हा. चुकलं तर तुजं चुकू दे."

स्क्रीनवर भोपाळची पहिली अक्षरं उमटत होती.